डबक्याचा हिशेब मांडणारा डॉक्टर : रोनाल्ड रॉस

या पानावर आपण नेहमी बियाणे, खते, तुडतुडे, बोंडअळी यांच्याबद्दल बोलतो. आज जरा वेगळ्या किड्याबद्दल सांगणार आहे, आणि त्या किड्यामागे सगळं आयुष्य घालवणाऱ्या एका माणसाबद्दल. किडा म्हणजे डास, आणि माणूस म्हणजे सर रोनाल्ड रॉस. हे नाव शाळेच्या पुस्तकात वाचल्याचे तुम्हाला आठवेल. मलेरिया म्हणजे आपला हिवताप डासामुळे पसरतो हे दाखवून देणारा, नोबेल पारितोषिक मिळालेला इंग्रज डॉक्टर. परीक्षेपुरते एवढे पुरते. पण शोध लागल्यावर पुढची तीस वर्षे हा माणूस गावोगावच्या डबक्यांसाठी सरकारशी भांडत राहिला, ते पुस्तकात येत नाही. सरपंच, ग्रामसेवक, पाटकरी यांच्या कामाचे जे आहे ते तर तिथेच आहे.

शेतीखात्याच्या माणसाने तापावर का लिहावे, असे कोणी विचारील. तर गावात पाण्याच्या योजना घेऊन येणारे आम्हीच. शेततळे आमचे, पाझर तलाव आमचा, चारीला पाणी कधी सुटणार हे विचारायला तुम्ही येता तेही आमच्याकडे. पाणी आले की पीक येते, आणि पाण्यामागून डासही येतो. म्हणून ही गोष्ट शेतीच्या पानावर शोभते असे मला वाटते.

रॉसचा जन्म इंग्लंडातला नव्हे, आपल्याकडचाच. कुमाऊंच्या डोंगरात, आजच्या उत्तराखंडातल्या अल्मोड्याला, १३ मे १८५७ रोजी. मेरठच्या शिपायांनी बंड पुकारून त्या दिवशी तीन दिवस झाले होते. बाप इंग्रजांच्या फौजेत अधिकारी, पुढे जनरल झाला. पोरगा आठ वर्षांचा झाल्यावर त्याला शिकायला इंग्लंडला धाडले. त्याला व्हायचे होते चित्रकार, नाहीतर लेखक. बापाने डॉक्टर व्हायला सांगितले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात तो शिकला खरा, पण मन लावून नाही. कविता करायच्या, गाणी रचायची, असे चालले होते. एका परीक्षेत नापास होऊन जहाजावर डॉक्टरकी केली आणि मग १८८१ मध्ये हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या वैद्यकीय नोकरीत लागला. मद्रास, ब्रह्मदेश, अंदमान अशा बदल्या होत गेल्या. बदलीचे दुःख सरकारी माणसाला वेगळे सांगायला नको. फावल्या वेळात त्याने स्वतःहून गणिताची पुस्तके घेऊन बसायला सुरुवात केली. ते गणित पुढे कुठे उपयोगी पडले ते येईलच.

१८८३ मध्ये तो बंगलोरला होता. राहत्या बंगल्यात डास फार. बघता बघता त्याच्या लक्षात आले की खिडकीबाहेर पाण्याचे एक पिंप ठेवलेले आहे आणि त्यात अळ्या वळवळताहेत. त्याने पिंप उपडे केले. त्याच्या खोलीतले डास कमी झाले. मग त्याने छावणीतल्या वरच्या अधिकाऱ्याला सुचवले, की मेसजवळची भांडी, फुलदाण्यांतले पाणी असेच ओतून टाकू या. साहेबाला ते पटले नाही. निसर्गाने डास केलेत ते काही कारणानेच, त्यात आपण ढवळाढवळ कशाला, असे त्याचे मत पडले. लक्षात घ्या, त्या वेळी डास आणि ताप यांचा काही संबंध असेल हे रॉसलाही ठाऊक नव्हते. नुसता चावण्याचा त्रास कमी व्हावा म्हणून त्याने पिंप उपडे केले होते.

तापाचे कारण म्हणून तेव्हा दलदलीची हवा सांगत. मलेरिया हा शब्दच मुळी इटलीतला, अर्थ खराब हवा. आपल्याकडे पाणी बाधले म्हणत. हवेबद्दलचा समज अगदीच वेड्यासारखा नव्हता. पाणथळीजवळ राहणाऱ्याला ताप जास्त, हे हजारो वर्षे लोक डोळ्यांनी पाहतच होते. मधला दुवा तेवढा सापडत नव्हता. १८८० मध्ये अल्जीरियात लाव्हराँ नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरने तापकऱ्याच्या रक्तात हिवतापाचे परजीवी पाहिले. म्हणजे ताप कशाने येतो ते कळले. पण ते रक्तात शिरतात कसे? लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने चीनमध्ये असताना हत्तीरोगाचे जंत डासाच्या पोटात वाढताना पाहिले होते. हिवतापाचेही तसेच असावे असा त्याचा कयास. १८९४ मध्ये रजेवर गेलेल्या रॉसला मॅन्सनने सूक्ष्मदर्शकाखाली ते परजीवी दाखवले, आणि शोध घ्यायचा तर हिंदुस्थानातच घे, तिथे रोगीही आहेत आणि डासही, असे पटवून दिले. तोपर्यंत रॉस सदतीस वर्षांचा झाला होता. डॉक्टरकी सोडून द्यावी इतका कंटाळलेला.

१८९५ मध्ये तो मुंबई बंदरात उतरला. असे सांगतात की जकातीतून सामान सुटायच्या आतच तो मुंबईच्या सरकारी इस्पितळात तापाचे रोगी शोधत गेला आणि रक्ताच्या काचा करू लागला. तिथून सिकंदराबादला आपल्या पलटणीत.

पुढची दोन वर्षे त्याची फुकट गेली म्हणा, किंवा शिकण्यात गेली म्हणा. त्याला मिळत ते डास करडे नाहीतर पट्ट्यापट्ट्यांचे. तापकऱ्यांना तो ते चावायला लावी आणि मग एकेक डास चिरून पाही. शेकडो चिरले. काही सापडेना. मॅन्सनचा एक तर्कही त्याला आडवाटेला घेऊन गेला. डास पाण्यावर मरतो, ते पाणी माणूस पितो, त्यातून ताप येतो, असा तो तर्क होता. रॉसने पैसे देऊन काही माणसांना डास मेलेले पाणी पाजून पाहिले. हातून काही लागले नाही. आज असा प्रयोग कोणी केला तर त्याला तुरुंगाची हवा खावी लागेल, आणि ते योग्यच आहे.

मंडळी, आपल्याकडे कापसावर मावा पडलाय की तुडतुडे हे न बघता दुकानदाराने दिलेली बाटली पंपात ओततात, तसेच हे झाले होते. कीड ओळखल्याशिवाय उपाय नाही. डासाच्या जाती कितीतरी, आणि हिवताप नेतो तो एकच घराणा, ॲनाफिलीस. त्यातही फक्त मादी. रॉसला हे माहीत नव्हते, आणि डासांच्या जाती ओळखण्याचे चांगले पुस्तकही त्याच्याजवळ नव्हते.

१८९७ च्या उन्हाळ्यात तो उटीला रजेवर गेला. तिथल्या सिगूर घाटात तापाची जागा बघायला उतरला आणि स्वतःच ताप घेऊन परतला. पण तिथे त्याने एक नवीनच डास पाहिला. पंखांवर ठिपके, आणि बसतो तो शेपूट वर करून. मग सिकंदराबादला परतल्यावर ऑगस्टमध्ये त्याच्या माणसांनी एका बाटलीत अळ्या आणून दिल्या, त्यातून तसेच तपकिरी, ठिपकेदार पंखांचे डास बाहेर आले. त्याच सुमारास इस्पितळातल्या एका हिंदी असिस्टंटने भिंतीवर शेपूट वर करून बसलेला असाच एक छोटा डास त्याला बोटाने दाखवला. या असिस्टंटचे नाव आपण विसरलो, असे रॉसने पुढे आपल्या आठवणींत खेदाने नमूद केले आहे. जगातल्या एवढ्या मोठ्या शोधातली एक खूण ज्याने दाखवली त्याचे नाव गेले. हे मला वाचताना लागले, म्हणून मुद्दाम सांगितले.

१६ ऑगस्टला हुसेन खान नावाच्या तापकऱ्याला हे डास चावू दिले. मोबदला एका डासाला एक आणा. पंखा बंद, कारण वाऱ्याने डास उडून जात. सिकंदराबादचा तो दमट उकाडा. कपाळाच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, भिंगही तडकलेले. २० ऑगस्ट १८९७ रोजी, म्हणजे रक्त पिऊन चार दिवस झालेला एक डास त्याने चिरला. पोटाच्या पापुद्र्यात त्याला गोल पेशी दिसल्या आणि त्यांत काळे कण. हेच काळे कण तापकऱ्याच्या रक्तातल्या परजीवींत असतात. दुसऱ्या दिवशी उरलेला एक डास चिरला. त्यातल्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे परजीवी डासाच्या अंगात जिवंत होता, वाढत होता. म्हणूनच जगभर २० ऑगस्ट हा डास दिन पाळतात.

हा डास ओळखायचा कसा ते इथेच सांगून टाकतो. भिंतीवर बसताना ॲनाफिलीस डोके खाली, शेपूट वर असा तिरका बसतो, खिळा ठोकल्यासारखा. घरातला नेहमीचा क्युलेक्स भिंतीला समांतर बसतो. अळीचे पाहाल तर ॲनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी राहते, इतरांच्या अळ्या डोके खाली करून लोंबतात. क्युलेक्सला गटाराचे घाण पाणी चालते. ॲनाफिलीसला लागते स्वच्छ, संथ पाणी : पाटाच्या कडेचा पाझर, नदीतले उरलेले डोह, हातपंपाजवळचे थारोळे, भाताची खाचरे, जनावरांच्या खुरांनी पडलेले खळगे. पाणी नितळ दिसतेय म्हणजे धोका नाही, असे समजू नका. डेंग्यू, चिकुनगुन्या नेणारा एडिस तिसराच. तो रांजण, टायर, कुलरच्या पाण्यात होतो आणि दिवसा चावतो.

शोध लागला, आता सरकार याला डोक्यावर घेईल असे तुम्हाला वाटेल. झालं उलटंच. सप्टेंबरात बदलीचा हुकूम निघाला. आधी मुंबई, आणि तिथून राजपुतान्यातले खेरवाडा, जिथे हिवताप जवळजवळ नव्हता. बसून राहिला तो कबुतरांचे रक्त तपासत. मॅन्सनने लंडनहून खटपट केली तेव्हा कुठे फेब्रुवारी १८९८ मध्ये त्याला कलकत्त्याला याच कामासाठी नेमले.

कलकत्त्यात वेगळीच अडचण. १८९६ पासून मुंबई, पुणे भागात प्लेगने हाहाकार केला होता, त्यापाठी सरकारची सक्ती, झडत्या, आणि नव्या लशीची सुई. १८९८ मध्ये प्लेगची भीती कलकत्त्यात पोचली. बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायला सुई काढली की रोगी पळ काढत. लोकांना नीट समजावून न सांगता जबरदस्ती केली की पुढच्या चांगल्या कामालाही दार बंद होते, याचा अनुभव तुमच्यापैकी जे लसीकरणाच्या फेऱ्यांबरोबर हिंडले असतील त्यांना असेल. रॉसने मग पक्ष्यांकडे मोर्चा वळवला. चिमण्यांनाही हिवतापासारखा रोग होतो आणि तो क्युलेक्स डास नेतो. मोहम्मद बक्ष नावाच्या मदतनीसाला हाताशी धरून त्याने जुलै १८९८ पर्यंत सगळी साखळी जुळवली. डासाच्या पोटातल्या पेशी फुटतात, त्यांतले बारीक जंतू डासाच्या लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसतात, आणि डास निरोगी चिमणीला चावला की लाळेतून तिच्या रक्तात उतरतात. पाणी पिण्याचा प्रश्नच राहिला नाही. ताप येतो तो चाव्यातून.

माणसाच्या बाबतीत तीच साखळी पूर्ण दाखवली ती इटलीच्या ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, त्याच वर्षाच्या शेवटी. नोबेल मात्र १९०२ मध्ये एकट्या रॉसला मिळाले. दोघांत जे भांडण पेटले ते मरेपर्यंत विझले नाही. रॉसचा स्वभावच तसा, हेकट आणि श्रेयाबद्दल फार हळवा. ग्रासीच्या कामाला त्याने कधी मोकळेपणाने मान दिला नाही, ही त्याची उणी बाजूच म्हणायची.

फेब्रुवारी १८९९ मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला आणि लिव्हरपूलच्या उष्ण प्रदेशांतल्या रोगांच्या विद्यालयात शिकवायला लागला. इथून पुढचा रॉस आपल्या कामाचा. डास सापडला, मग आता त्याला आवरा, हा त्याचा एककलमी कार्यक्रम. त्याच वर्षी आफ्रिकेत सिएरा लिओनच्या फ्रीटाउन गावी जाऊन त्याने रस्त्यातल्या डबक्यांत ॲनाफिलीसच्या अळ्या शोधून काढल्या. १९०१ मध्ये परत जाऊन तिथे मजुरांच्या टोळ्या उभ्या केल्या. एक टोळी डबकी बुजवणार, गटारे काढणार. दुसरी घरोघर जाऊन फुटके डबे, बाटल्या, मडकी उचलणार. गाड्या भरभरून भंगार निघाले. या अनुभवावरून डासपथके कशी उभारावीत यावर त्याने १९०२ मध्ये एक छोटे पुस्तकही काढले. त्याचे म्हणणे असे, की याला मोठ्या पदवीचा माणूस लागत नाही. एक जबाबदार मुकादम, थोडे मजूर, फावडी, घमेली, आणि दर आठवड्याला न चुकता फेरी. आपल्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले काम.

त्याची खरी परीक्षा झाली ती इजिप्तमध्ये. सुएझ कालव्याच्या काठी इस्माइलिया नावाचे गाव कालवा कंपनीने वसवले. वाळवंटातले कोरडे गाव, सुरुवातीला ताप नाही. मग नाईल नदीचे गोडे पाणी कालव्याने आणले, बागा झाल्या, पाट झाले, आणि १८७७ पासून हिवताप सुरू झाला. ओळखीची गोष्ट वाटते ना? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लहानशा गावात वर्षाला दोन हजारांच्या आसपास तापकरी निघत. १९०२ मध्ये कंपनीने रॉसला बोलावले. त्याने पाणी बंद करा म्हटले नाही. पाणी राहू द्या, पण साचू देऊ नका, एवढेच. पाझराची डबकी वाळूने भरली, पाटांचे तळ आणि काठ नीट केले, गवत काढले, घरांखालच्या सांडपाण्याच्या खड्ड्यांवर आठवड्याला तेलाचा पापुद्रा सोडला. जोडीला क्विनाइन. १९०३ मध्ये तापकरी दोनशेच्या घरात आले, १९०५ मध्ये पन्नासाच्याही खाली. आणि काम चालू ठेवले म्हणून ताप खालीच राहिला.

आता दुसरी बाजू. लाहोरजवळ मियां मीर नावाची लष्करी छावणी होती, कालव्याच्या पाण्यावर भिजणारी. तिथेही १९०२ पासून सरकारने डास कमी करण्याचा प्रयोग केला. जेम्स आणि ख्रिस्तोफर्स हे दोघे हुशार डॉक्टर कामावर होते. पण ताप हटला नाही. निष्कर्ष काढला गेला की हिंदुस्थानच्या खेड्यांत हे जमायचे नाही, क्विनाइन वाटा आणि गप्प बसा. रॉस संतापला. थोडक्या जागेत, थोडक्या पैशात काम केलेत, शेजारच्या ओल्या रानातून डास उडून येत राहिला, आणि आधी डास किती होते, नंतर किती राहिले हे मोजलेच नाही, मग उपाय फसला असे कसे ठरवता, हा त्याचा आक्षेप.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कालव्याखालचे भिजते गाव इस्माइलियासारखे वाळूने वेढलेले नसते. ॲनाफिलीस किलोमीटर-दोन किलोमीटर सहज उडतो. गावठाणातले डबके बुजवले आणि शिवेवरची फुटकी चारी तशीच ठेवली तर ताप थांबणार नाही. पण म्हणून काम सोडून देणे हाही उपाय नाही. एकट्याच्या शेतात बोंडअळीचे कामगंध सापळे लावून भागत नाही, शेजाऱ्यालाही लावायला लागतात, हे आपण शिकलो आहोतच. तसेच हे. ग्रामपंचायत, पाटबंधाऱ्याचा पाटकरी आणि चारीवरचे शेतकरी यांनी एकाच आठवड्यात हात घातला तरच जमते.

आणि मोजण्याचा मुद्दा. इथे रॉसचे ते फावल्या वेळातले गणित कामी आले. १९०७ च्या अखेरीस तो मॉरिशसला गेला, तीन महिन्यांसाठी. उसाच्या मळ्यांचे हे बेट. आपल्या कोकणातूनही कित्येक कुटुंबे मजुरीला तिथे गेली आणि आजही तिथे मराठी समाज आहे. १८६६-६७ च्या आधी तिथे हिवतापाचे नाव नव्हते, त्या साथीत हजारो माणसे गेली. रॉसने गावोगावच्या मुलांची पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताने चाचपून मोजदाद केली. हिवताप मुरला की ती सुजते. कुठल्या मळ्यावर किती मुलांची पानथरी वाढली आहे यावरून कुठे आधी काम करायचे ते ठरवता येते. आणि अहवालात त्याने एक हिशेब मांडला, तो असा.

एका तापकऱ्याला समजा काही डास चावले. परजीवी डासाच्या अंगात तयार व्हायला दहा-बारा दिवस, कधी जास्त लागतात. तेवढे दिवस जगणारे डास थोडेच. जगले त्यांतलेही सगळे माणसालाच चावतील असे नाही, बरेच बैलाला, म्हशीला चावतात. म्हणजे एका रोग्यापासून दुसरा रोगी व्हायला गावात डास पुष्कळ लागतात. डासांची संख्या एका मर्यादेखाली आली, की एका रोग्यामागे एक नवा रोगीसुद्धा तयार होत नाही आणि ताप आपोआप ओसरत जातो. शेवटचा डास मारायची गरज नाही.

शेतकरी मंडळींना हे लगेच समजेल. किडीची आर्थिक नुकसानीची पातळी आम्ही सांगतो ती काय वेगळी असते? शेतात एकही अळी नको असे आपण म्हणत नाही, पातळीखाली ठेवा म्हणतो. फरक एवढाच, की हिवतापाच्या डासाची पातळी गावागावाला वेगळी असते, जनावरे किती, घरे कशी, डास कुठल्या जातीचा यावर ती ठरते. आजही जगातले रोगतज्ज्ञ साथीचे गणित मांडतात ते रॉसच्या या हिशेबाच्या पायावर. पण पातळीखाली आणले म्हणजे झाले असे समजून हात आखडला की काय होते, हे आपल्या देशाने पाहिले. १९५३ मध्ये डीडीटीच्या फवारणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९६५ च्या सुमारास देशातले रोगी लाखभरावर आले. मग ढिलाई आली, डासही औषधाला सरावले, आणि १९७६ मध्ये ६४ लाखांवर रोगी नोंदले गेले. आता आकडे त्यामानाने फार खाली आहेत, पण आपल्या राज्यात गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात हिवताप अजून जातो म्हणत नाही.

तेव्हा गावाने काय करायचे? अंड्याचा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. रांजण, हौद, टाक्या रिकाम्या करून घासायच्या, नुसते ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. ग्रामसेवकाने गावातल्या आणि शिवारातल्या डबक्यांची यादी करावी, कोणते बुजवायचे, कोणते वाहते करायचे, कशात मासे सोडायचे. आरोग्य सेवक रक्ताच्या काचा नेतो त्यांचा निकाल प्राथमिक आरोग्य केंद्रातून मागवून त्याच वहीत लिहावा. पाटकऱ्याला चारीच्या फुटी आणि काठचे गवत दाखवावे. ज्यांच्याकडे भात आहे त्यांनी जमेल तेव्हा खाचर मधूनमधून निचरू द्यावे. शेततळ्याचे काठ उभे आणि गवताशिवाय ठेवा, उथळ कडाच अळ्यांच्या सोयीच्या असतात. विहिरीत, टाकीत, शेततळ्यात गप्पी मासे सोडायला हरकत नाही. नदीत आणि गावतळ्यात मात्र सोडू नका, आपल्याकडचे देशी मासे मागे पडतात.

एका बाबतीत रॉसच्या काळचा उपाय जसाच्या तसा घेऊ नका. तेव्हा पाणथळ दिसली की भरून टाक असा रिवाज होता. तेल तर विहिरीत, तळ्यात कुठेही ओतू नये. गावचे जुने तळे, ज्यात मासे आहेत, चतुरांची पिल्ले आहेत, पाणकिडे आहेत, ते डासांचे कारखाने नसतात. तिथे अळ्या खाणारेच जास्त. ते बुजवून भूखंड पाडायला हिवतापाचे निमित्त कोणी सांगत असेल तर त्याला विचारा, की आधी हातपंपाजवळचे थारोळे का नाही बुजवले.

रॉसचे उरलेले आयुष्य थोडक्यात सांगतो. १९११ मध्ये त्याला सर किताब मिळाला. १९१४ मध्ये थोरला मुलगा महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेला. आपल्या शोधाने सरकारचा एवढा पैसा वाचला, जेन्नरला देवीच्या लशीबद्दल पार्लमेंटने बक्षीस दिले तसे मलाही द्या, असा अर्ज त्याने केला होता; काही मिळाले नाही. १९२६ मध्ये लंडनजवळ पटनी इथे त्याच्या नावाची संस्था आणि रुग्णालय निघाले. जानेवारी १९२७ मध्ये तो कलकत्त्याला आला, ज्या इस्पितळाच्या आवारात चिमण्या पिंजऱ्यात ठेवून काम केले होते तिथे त्याच्या स्मारकाचे फाटक उभे केले होते. म्हातारपणी पैशाची ओढाताण होती. १९२८ मध्ये त्याने आपली सगळी जुनी कागदपत्रे विकली. त्यांत सिकंदराबाद-कलकत्त्याच्या वह्याही होत्या, पण त्या कुठे गहाळ झाल्या नाहीत, लंडनच्या आरोग्य विद्यालयात गेल्या. लशीची वाट लोक शंभर वर्षे पाहत होते; आफ्रिकेतल्या मुलांना दिल्या जाणाऱ्या हिवतापाच्या दोन लशींपैकी एक, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली, आज आपल्या पुण्यात तयार होते.

१९३१ मध्ये रॉसची पत्नी रोझा वारली. १६ सप्टेंबर १९३२ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, तोही लंडनमध्ये गेला. पटनीच्या दफनभूमीत तिच्या शेजारी त्याला पुरले आहे.